रिझोल्यूशनची सेवापुस्तिका



आधीच सांगून टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले निबंध. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देणार हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला, तो खालच्या मेसपर्यंत ऐकू गेला असेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमच्या आजीने फोनवर ऐकून कशा सुधारणार, हाही प्रश्नच होता. तरी लिहिते आहे, कारण ही गोष्ट मला मराठीतच सांगावीशी वाटली.

गेल्या वर्षीच्या टेक-फेस्टची कमान तुम्हाला आठवत असेल. अँगल आयर्नची, वर मोठा गोल बोर्ड असलेली. त्या कमानीला एकूण चोवीस बोल्ट होते आणि ते तपासायची यादी माझ्या हातात होती. शिडी जिथपर्यंत पोचत होती तिथले अठरा बोल्ट मी स्पॅनर लावून बघितले. वरचे सहा राहिले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, रंग ओला होता, कमान झकास दिसत होती. मी चोवीस चौकटींत चोवीस टिकमार्क केले, खाली ‘तपासले’ असं लिहिलं आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला आणि बोर्ड एका बाजूने निसटला. माझी रूममेट खाली उभी होती. तिच्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे तिची जर्नल्स मी लिहिली.

वर्कशॉपच्या सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता ओरडणार. ते फक्त म्हणाले, “चोविसाव्या बोल्टला हात लावला होतास का गं?” मी नाही म्हटलं. “मग एक काम कर. दुरुस्तीत राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीवर सेमिनार दे. पण विमान नको, पूल नको. ते सगळेच देतात.”

शोधता शोधता मला एक जहाज सापडलं. ब्रिटिश आरमाराचं ‘रिझोल्यूशन’. सेमिनार झाला, मार्कही मिळाले, पण जहाज काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. आपल्या ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांची जशी सेवापुस्तिका असते – रुजू कधी, बदली कुठे, शेरा काय – तशीच या जहाजाची मांडली आहे.

१) जन्म आणि रुजू

रिझोल्यूशनचा जन्म आरमारात झालाच नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं बंदर आहे. तिथे १७७० मध्ये फिशबर्न यांच्या गोदीत ते बांधलं गेलं, तेही कोळसा वाहायला. नाव होतं ‘मार्क्विस ऑफ ग्रॅनबी’. म्हणजे आजच्या भाषेत मालवाहू ट्रक.

मग आरमाराने ट्रक का घेतला? कारण ट्रक मागणारा माणूस जेम्स कुक होता. कुकची उमेदवारी याच व्हिटबीच्या कोळशाच्या जहाजांवर झाली होती. ‘एंडेव्हर’ या त्याच्या पहिल्या सफरीच्या जहाजाचा जन्मही तिथलाच. ही जहाजं दिसायला बोजड आणि चालायला मंद. पण तळ सपाट, पोट मोठं, बांधणी दणकट. दोन-तीन वर्षांची शिधासामग्री पोटात मावते. तळ खराब झाला तर भरतीच्या वेळी किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला पाणी उतरलं की खाली उतरून दुरुस्त करायचं. गोदी नसलेल्या मुलखात याला पर्याय नाही. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळात एंडेव्हरचा तळ फाटला तेव्हा ते नेमकं असंच वाचलं होतं.

नोव्हेंबर १७७१ मध्ये आरमाराने ‘मार्क्विस ऑफ ग्रॅनबी’ ४,१५१ पौंडांना विकत घेतलं. तेव्हा ते जेमतेम चौदा महिन्यांचं होतं. आधी नाव ठेवलं ‘ड्रेक’. पण ड्रेक म्हणजे स्पॅनिश लोकांना लुटणारा इंग्रज दर्यावर्दी. स्पेनला उगाच मिरच्या झोंबायला नकोत म्हणून नाव बदलून ‘रिझोल्यूशन’ केलं. अर्थ : निर्धार.

हुद्दा मिळाला ‘स्लूप’. इथे एक गोष्ट समजून घेऊ. त्या काळी आरमारात मोठ्या युद्धनौकांना तोफांच्या संख्येवरून सहा श्रेणी होत्या. त्या श्रेणींत न बसणारी, वीसपेक्षा कमी तोफांची लहान जहाजं म्हणजे स्लूप. रिझोल्यूशनला तीन डोलकाठ्या होत्या, ४६२ टनांची नोंद होती आणि बारा तोफा होत्या. (हे टन म्हणजे वजन नव्हे. लांबी-रुंदीवरून काढलेली मालाची क्षमता. व्हायवात हा प्रश्न येऊ शकतो!)

२) पहिलीच गडबड : वरचा मजला

कुकबरोबर जोसेफ बँक्स नावाचा श्रीमंत आणि हुशार वनस्पतिशास्त्रज्ञ जाणार होता. एंडेव्हरवरही तो होता. या वेळी त्याला स्वतःसाठी आणि त्याच्या मोठ्या लवाजम्यासाठी ऐसपैस जागा पाहिजे होती. त्याची वट वरपर्यंत. म्हणून डेप्टफर्डच्या गोदीत जहाजावर जादा मजला चढवला गेला.

मे १७७२ मध्ये जहाज थेम्स नदीतून समुद्राकडे निघालं आणि वाटाड्याने हात जोडले. हे जहाज पुढे नेलं तर उलटेल, म्हणाला. जहाजाचं डोकं जड झालं होतं.

आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मेटासेंटर शिकतो. बहुतेक जण सूत्र पाठ करतात आणि सोडून देतात. मीही त्यातलीच. आता वर्गातला एक सोपा हिशेब करू. आकडे रिझोल्यूशनचे नाहीत, समजण्यासाठी घेतलेत. समजा, जहाजाचं वजन ४०० टन आणि त्याचा गुरुत्वमध्य तळापासून ४ मीटरवर आहे. तळापासून ९ मीटर उंचीवर २० टनांची खोली बांधली. नवा गुरुत्वमध्य :

(४०० × ४ + २० × ९) ÷ ४२० = १७८० ÷ ४२० = सुमारे ४.२४ मीटर.

वजन वाढलं फक्त पाच टक्के, पण गुरुत्वमध्य २४ सेंटिमीटर वर सरकला. मेटासेंटर आधी गुरुत्वमध्याच्या ६० सेंटिमीटर वर असेल आणि तो तिथेच राहिला असं धरलं, तर उरले ३६. जहाज कलल्यावर त्याला परत सरळ करणारी ताकद याच अंतरावर अवलंबून असते. म्हणजे ती बरीच कमी झाली. बसच्या टपावर माणसं चढवल्यावर घाटात काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

शिअरनेसच्या गोदीत तो मजला काढून टाकला. बँक्स चिडला, सामान उतरवलं आणि पुढे आइसलँडला निघून गेला. त्याच्या जागी योहान राइनहोल्ड फॉर्स्टर आणि त्याचा मुलगा गेऑर्ग हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आले.

माझ्या मते रिझोल्यूशनच्या आयुष्यातली ही पहिली खरी तपासणी. पैसेवाल्या, वजनदार माणसाचं काम असूनही एका साध्या वाटाड्याने ‘नाही’ म्हटलं आणि ते ऐकलं गेलं.

३) शेरा : अत्युत्कृष्ट (१७७२ ते १७७५)

१३ जुलै १७७२ रोजी रिझोल्यूशनने प्लिमथ सोडलं. सोबतीला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे दुसरं जहाज. कामगिरी अशी, की दक्षिणेला एक प्रचंड मोठा, हिरवागार खंड आहे असं युरोपातले विद्वान म्हणत होते. तो आहे की नाही ते बघून यायचं.

१७ जानेवारी १७७३ रोजी रिझोल्यूशनने अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. माणसाने हे वृत्त ओलांडल्याची ही पहिली नोंद. पिण्याचं पाणी हवं म्हणून खलाशी समुद्रातले बर्फाचे तुकडे गोळा करायचे. समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाचं पाणी गोडं असतं! ३० जानेवारी १७७४ ला जहाज ७१ अंश १० मिनिटे दक्षिणेपर्यंत पोचलं. पुढे नुसता बर्फ. कोळशाचा ट्रक तिथपर्यंत गेला होता, जिथे त्याआधी कोणी पोचलं नव्हतं. मधल्या थंडीच्या महिन्यांत ताहिती, टोंगा, ईस्टर बेट, न्यू कॅलेडोनिया हे सगळं नकाशावर नीट बसवलं गेलं. हिरवागार दक्षिण खंड नाही, हे सिद्ध झालं. ‘नाही’ हे उत्तर आणायलाही तीन वर्षं लागतात, हे प्रोजेक्टवाल्यांनी लक्षात ठेवावं.

या सफरीत जहाजावर एक घड्याळ होतं. जॉन हॅरिसनच्या प्रसिद्ध सागरी घड्याळाची लार्कम केंडॉल याने केलेली हुबेहूब प्रत. रेखांश काढायचा तर ग्रिनिचला आत्ता किती वाजले हे कळायला हवं. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एक अंश चुकला. विषुववृत्तावर तो एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तीन वर्षं हलत्या जहाजावर, उकाड्यात आणि बर्फात ते घड्याळ इतकं चांगलं चाललं की कुकचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

आणि माणसं? त्या काळी लांबच्या सफरीत स्कर्व्हीने खलाशी पटापट मरायचे. रिझोल्यूशनवर सुमारे ११८ माणसं होती. तीन वर्षांत चार मेली. तीन अपघाताने आणि एकच आजाराने, तोही स्कर्व्ही नव्हे. आंबवलेला कोबी, मिळेल तिथे ताजी भाजी, कोरडे कपडे, आणि खालच्या मजल्यावर शेगड्या फिरवून हवा कोरडी ठेवणं. रोज तपासणी. खलाशी कोबी खाईनात, तेव्हा कुकने पहिल्या सफरीत एक युक्ती केली होती : कोबी फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढला. मग सगळ्यांनाच हवा झाला. (आमच्या मेस-सेक्रेटरीने नोंद घ्यावी.) खलाशांचं आरोग्य कसं राखलं यावरच्या लेखासाठी कुकला १७७६ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

३० जुलै १७७५ रोजी रिझोल्यूशन परत आलं.

४) दुरुस्ती, कागदावर

इथून पुढचा भाग मी सेमिनारमध्ये सांगताना माझा आवाज जरा बसला होता.

परत आल्यावर कुकला ग्रिनिचच्या खलाशांच्या रुग्णालयात मानाची, आरामाची जागा मिळाली. तो आपल्या सफरीचं पुस्तक लिहिण्यात गुंतला. इकडे रिझोल्यूशन परत डेप्टफर्डला दुरुस्तीला गेलं. आधीच्या वेळी प्रत्येक दोर न् दोर बघणारा कुक या वेळी गोदीत फारसा फिरकला नाही. अमेरिकेत युद्ध सुरू झालं होतं, गोद्यांवर कामाचा रेटा होता. रंग लागला, कागद भरले गेले. १७७६ च्या सुरुवातीला कुकने तिसऱ्या सफरीचं नेतृत्व स्वतःहून मागून घेतलं आणि १२ जुलै १७७६ रोजी प्लिमथहून निघाला. या वेळी काम उत्तरेचं. पॅसिफिकमधून अमेरिकेच्या वरून अटलांटिककडे जाणारा मार्ग आहे का ते पाहायचं.

लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी जुन्या दोरांचे धागे ठासून आणि वर डांबर ओतून बंद करतात. हे काम दिसत नाही. दिसतं ते फक्त वरचं डांबर. आत धागा किती ठासलाय, ते ज्याने ठासला त्यालाच माहीत. विषुववृत्ताजवळ पाऊस लागला आणि रिझोल्यूशनचा वरचा भाग सगळीकडून गळायला लागला. खलाशांची अंथरुणं भिजली, कोठीतली शिडं भिजून खराब झाली. केप टाउनला पोचल्यावर फटी पुन्हा भराव्या लागल्या. म्हणजे गोदीतून सही-शिक्क्यानिशी बाहेर पडलेलं जहाज तीन-चार महिन्यांत दुरुस्तीला उभं.

पुढची यादी अशी. जानेवारी १७७७, टास्मानियाच्या वाटेवर : पुढच्या डोलकाठीचा वरचा भाग वाऱ्यात मोडला. मार्च-एप्रिल १७७८, आजच्या कॅनडातली नुटका खाडी : पुढच्या डोलकाठीच्या माथ्याचे आधार खराब निघाले, मागची डोलकाठी तर बदलावीच लागली, जवळजवळ महिना त्यात गेला. ऑगस्ट १७७८ : बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून ७० अंश ४४ मिनिटे उत्तरेपर्यंत, पुढे बर्फाची भिंत, परत. ऑक्टोबर १७७८, अलास्काजवळचं उनालास्का : पुन्हा गळती, पुन्हा सुतारकाम. आरमारी दोरखंड व्यापारी जहाजांच्या दोरखंडापुढे कमी प्रतीचा आहे, अशी तक्रार कुकने रोजनिशीत लिहिली.

सरांनी मला सेमिनारमध्ये विचारलं होतं, “जहाजाचं वय झालं होतं, असं नाही का म्हणता येणार?” म्हणता येईल. तीन वर्षांची कठीण सफर त्याने सोसली होती. पण वय झालेल्या यंत्राची तपासणी जास्त करायची असते, कमी नाही. तेच जहाज, तोच कप्तान, तीच गोदी. मला तरी फरक दिसतो तो एकच : पहिल्या वेळी कोणीतरी हात लावून बघत होतं.

५) पुढची डोलकाठी

१७ जानेवारी १७७९. रिझोल्यूशन आणि सोबतचं ‘डिस्कव्हरी’ हवाई बेटावरच्या केअलाकेकुआ खाडीत शिरले. हवाईच्या लोकांनी फार मोठं स्वागत केलं. डुकरं, रताळी, फळं, जे होतं ते दिलं. जवळजवळ तीन आठवडे दोन जहाजांची माणसं जेवत होती. पाहुणा कितीही मोठा असला तरी घरातल्या कोठीला तळ असतोच. ४ फेब्रुवारीला जहाजं निघाली तेव्हा निरोपही प्रेमाने झाला.

गोष्ट इथे संपली असती.

पण चारच दिवसांत वादळ झालं आणि पुढच्या डोलकाठीचा माथा गेला. नुटका खाडीत त्या माथ्याला बाजूने लाकडाच्या मोठ्या कामट्या आवळून बांधल्या होत्या. मोडलेल्या हाताला हाडवैद्य बांधतो, अगदी तशा. त्या कामट्याच तडकल्या. जवळ माहितीतलं सुरक्षित बंदर एकच. ११ फेब्रुवारीला जहाजं केअलाकेकुआला परत आली. या वेळी स्वागत नव्हतं.

डोलकाठी उपसून किनाऱ्यावर आणली. तिचा बुंधा पाहिला तर आत कुजून मोठं भोक पडलेलं. चार-पाच नारळ मावतील एवढं, अशी नोंद लेफ्टनंट जेम्स किंग याने केली आहे.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. हे वाचल्यावर मला वाटलं, सापडला गुन्हेगार! पण आकडे वेगळं सांगतात. गोल दांडा वाकताना त्याचा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. मधोमध निम्म्या व्यासाचं भोक पडलं, तर क्षेत्रफळ पाव कमी होतं, पण वाकण्याचा विरोध कमी होतो फक्त एक-सोळांश, म्हणजे सुमारे सहा टक्के. कारण वाकताना काम करतं ते बाहेरचं लाकूड; मधलं जवळजवळ आराम करतं. सुतारांनी हे सूत्र शिकलेलं नव्हतं, पण बुंधा कापून डोलकाठी आखूड करायची गरज नाही असा निर्णय त्यांनी घेतला. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर नांगराच्या दांड्यांसाठी तोडलेलं कठीण तांबडं लाकूड जहाजावर होतं. त्यातून माथ्यासाठी नव्या कामट्या करायला घेतल्या.

म्हणजे डोळ्यांत भरणारं भोक हा त्या रात्रीचा गुन्हेगार नव्हता. गुन्हेगार होता वरचा सांधा. उंचावरचा, आधी एकदा दुरुस्त झालेला, आणि म्हणूनच ‘झालंय ते काम’ म्हणून मनातून निघून गेलेला. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. माझे सहा बोल्टही वरचेच होते.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. सुतारकाम चालू असताना कुरबुरी वाढल्या. १३ फेब्रुवारीच्या रात्री डिस्कव्हरीची एक होडी चोरीला गेली. १४ तारखेला सकाळी कुक सैनिक घेऊन किनाऱ्यावर गेला. तिथल्या राजाला, कलानिओपुउला, ओलीस म्हणून जहाजावर न्यायचं आणि होडी परत मिळवायची, हा बेत. राजा म्हातारा होता, तो निघालाही. पण त्याच्या माणसांनी अडवलं. तेवढ्यात खाडीच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजांच्या गोळीने एक सरदार मेल्याची बातमी आली. गर्दी भडकली. कुक आणि त्याचे चार सैनिक तिथेच मारले गेले. त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत हवाईचे अनेक लोकही मेले.

मला इथे स्वच्छ लिहायला हवं. कुकला डोलकाठीने मारलं नाही. राजाला त्याच्या घरातून ओलीस न्यायचा निर्णय कुकचा होता, आणि कुठलीही माणसं आपल्या राजासाठी उभी राहिलीच असती. पण डोलकाठी धड असती, तर ११ फेब्रुवारीला रिझोल्यूशन त्या खाडीत नसतंच. बिघाड माणसाला चूक करायला लावत नाही. तो फक्त त्याला अशा ठिकाणी नेऊन उभा करतो, जिथे पुढची चूक महाग पडते.

६) बदली, कैद आणि बेपत्ता

जहाजाची नोकरी मात्र चालूच राहिली. डिस्कव्हरीच्या चार्ल्स क्लार्कने सूत्रं घेतली. तो क्षयाने आजारी होता, तरी पुन्हा एकदा उत्तरेच्या बर्फापर्यंत जाऊन आला आणि २२ ऑगस्ट १७७९ रोजी कामचात्काजवळ वारला. जॉन गोरने जहाजं मकाऊ आणि सुंदा सामुद्रधुनीमार्गे ऑक्टोबर १७८० मध्ये लंडनला परत आणली.

एवढ्या नोकरीनंतर पेन्शन? छे. रिझोल्यूशनचं सशस्त्र मालवाहू जहाज केलं आणि १७८१ मध्ये हिंदुस्थानच्या बाजूला पाठवलं. बढती नाही, उलट जुन्याच कामावर परत. तेव्हा आपल्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची झुंज चालली होती. फ्रेंचांचा सेनापती होता सफ्रन. जून १७८२ मध्ये त्याच्या ताफ्याने रिझोल्यूशन पकडलं. जुलैमध्ये नागपट्टणमजवळ लढाई झाली आणि त्यानंतर सफ्रनने या जहाजाला मनिलाला धाडलं. कशासाठी? लाकूड, बिस्किटं आणि दोरखंड आणायला. लढाईत मोडलेली जहाजं दुरुस्त करायला!

ते परत आलं नाही. शेवटची खबर सुंदा सामुद्रधुनीकडची. १७८३ च्या जूनमध्ये सफ्रनने लिहिलं की ते बुडालं असावं किंवा इंग्रजांच्या हाती पडलं असावं. त्यानंतर शंभर वर्षांनी कुठल्याशा बंदरात सापडल्याच्या वार्ता आल्या, पण एकही सिद्ध झाली नाही. जे जहाज दोन्ही बाजूंच्या बर्फापर्यंत जाऊन आलं, ते दुसऱ्यांसाठी दुरुस्तीचं सामान आणायला गेलं आणि नाहीसं झालं. सेवापुस्तिकेचं शेवटचं पान कोरं.

७) माझा शेरा

सेमिनारनंतर सरांनी एवढंच विचारलं, “मग, काय शिकलीस?” मी म्हटलं, “सर, मोठा बिघाड दिसतो म्हणून त्याला सगळे घाबरतात. दुरुस्त झालेला सांधा दिसत नाही, म्हणून तिकडे कोणी बघत नाही.” सर म्हणाले, “आणि?” मला पुढचं सुचलं नाही. ते म्हणाले, “आणि शिडी पोचत नसेल, तर चौकट रिकामी सोडायची. रिकामी चौकट बघून दुसरा कोणीतरी मोठी शिडी आणतो. टिकमार्क बघून कोणी आणत नाही.”

यंदाच्या फेस्टच्या कमानीला अठ्ठावीस बोल्ट आहेत. यादी परत माझ्याकडे आहे. मी मागून घेतली. काल रात्री सव्वीस झाले, दोन चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि वॉर्डन मॅडमना सांगून आले की उद्या मोठी शिडी लागेल. माझी रूममेट शिडी धरायला येणार आहे. थंडीत तिचं मनगट अजून दुखतं. ती काही बोलत नाही, पण यादी मात्र माझ्याकडून मागून घेऊन स्वतः वाचते.

स्वाध्याय (ज्युनिअर्ससाठी, रात्री लाइट गेल्यावर चर्चेला)

१. जहाजावर २० टन जादा वजन चढवायचंच असेल, तर ते कुठे ठेवाल? वरचा हिशेब २० टन तळापासून १ मीटरवर ठेवून पुन्हा करा. (उत्तर : गुरुत्वमध्य सुमारे ३.८६ मीटरवर येतो, म्हणजे खाली सरकतो.)

२. घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतं. नव्वद दिवसांनी रेखांश किती चुकेल? (१८० सेकंद, म्हणजे पाऊण अंश. आता तो पाऊण अंश रात्रीच्या अंधारात खडकाजवळ कल्पून बघा.)

३. पोकळ दांड्याचा वाकण्याचा विरोध फारसा कमी होत नाही, मग कुजलेली डोलकाठी चालवून घ्यावी का? (सूचना : भोक कायम मध्येच आणि तेवढंच राहील, याची हमी कोण देतो?)

४. तुमच्या शेवटच्या जर्नलमधलं एखादं रीडिंग तुम्ही न घेता लिहिलं होतं का? (उत्तर मला पाठवू नका. ते ज्याचं त्याने, सही करण्याआधी.)